पिकअपचं खालचं काम निघालंय? आधी प्ले (जोडांतला ढिलेपणा) शोधा, अलाइनमेंट नंतर

नवीन टायरची जोडी अडीच महिन्यांत बाहेरच्या खांद्यावर गुळगुळीत झाली, तेव्हा मी तिसऱ्यांदा अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यायला गेलो. तिन्ही वेळा कॉम्प्युटरच्या पडद्यावर आकडे हिरवे आले आणि तिन्ही वेळा मी पैसे देऊन समाधानाने निघालो. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधून पहाटे माल भरायचा, ठाणे-बेलापूर रस्त्याने वर जायचं, कळवा ओलांडून घोडबंदरच्या सोसायट्यांपर्यंत उतरवत जायचं, हा माझा रोजचा धंदा. टायर खाणारी गाडी मला परवडत नाही.

शेवटी कोपरखैरण्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी ना गाडी उचलली, ना चाक खोललं. मला म्हणाले, "शेठ, बसा स्टिअरिंगवर. फिरवू नका, नुसतं हलवत राहा. डावी-उजवी, डावी-उजवी." स्वतः पुठ्ठा टाकून खाली सरकले. मिनिटभराने आवाज आला, "आता तुम्ही या खाली." माझं बोट धरून त्यांनी डाव्या टाय रॉड एंडवर, म्हणजे दोन चाकांना बांधणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या जोडावर ठेवलं आणि ड्रायव्हरला स्टिअरिंग हलवायला सांगितलं. दर हेलकाव्याला बोटाच्या टोकाला बारीकशी 'टक' लागत होती. अलाइनमेंटचं मशीन उभी गाडी मोजतं. उभ्या गाडीत तो जॉइंट एका जागी गप्प बसायचा आणि रस्त्यावर सुटला की चाक हवं तिकडे तोंड करायचं.

तेव्हापासून मी हे काम ठरावीक क्रमाने करतो. तोच क्रम इथे मांडतो आहे. पाना धरायची सवय नसली तरी तपासणीचा भाग कोणालाही जमेल. दुरुस्ती मिस्त्रींकडूनच करून घ्या, पण काय बिघडलंय ते कळून जा.

गाडीखाली नेमकं काय आहे?

पुढच्या बाजूला दोन प्रकार सापडतात. एकात पाटे (लीफ स्प्रिंग) आणि अखंड बीम एक्सल असतो, चाक किंगपिनवर, म्हणजे एक्सलच्या टोकाच्या उभ्या पिनवर वळतं. दुसऱ्यात प्रत्येक चाक स्वतंत्र: वर-खाली आर्म, त्यांच्या टोकाला बॉल जॉइंट (गोळीचा जोड), आणि कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा). इसुझू डी-मॅक्स या दुसऱ्या जातीची, कॉइल स्प्रिंगवाली. बाकी गाड्यांच्या बाबतीत नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या पिकअपमध्ये वर्षागणिक आणि मॉडेलगणिक फरक असतो. वाकून बघा, पाटे दिसतायत की आर्म. स्पेअर घ्यायला जाताना चेसिस नंबर सोबत ठेवा, नाहीतर दुकानदार "हेच लागतं" म्हणून भलतंच गळ्यात मारेल.

पाट्याच्या गाडीत दोन दांडे ओळखून ठेवा. स्टिअरिंग बॉक्सच्या ड्रॉप आर्मपासून एका चाकाकडे जाते ती ड्रॅग लिंक. डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी बांधतो तो टाय रॉड. ड्रॅग लिंक ढिली झाली तर स्टिअरिंग मोकळं फिरतं, गाडी भरकटते, पण टायर सहसा वाचतात. टाय रॉडचा एंड गेला की दोन चाकांचं आपसातलं नातंच बिघडतं आणि टायर झिजायला लागतात. माझी तक्रार टायरची होती, स्टिअरिंगची नव्हती. हा फरक मला आधी ठाऊक असता तर दोन अलाइनमेंटचे पैसे वाचले असते.

आधी हवा, मग टायर

सकाळी गाडी थंड असताना चारही टायरची हवा मोजा. पुढच्या दोन टायरांत हवा कमी-जास्त असली तरी गाडी एका बाजूला ओढते आणि माणूस उगाच सस्पेन्शन खोलून बसतो. हवा सारखी करून चालवून बघा. ओढणं थांबलं तर विषय तिथेच संपला.

मग टायरवर हात फिरवा, डोळ्यांवर विसंबू नका. दोन्ही खांदे झिजलेत आणि मधला भाग शाबूत आहे, तर हवा कमी राहते. फक्त मधला भाग गेला, तर हवा जास्त. दोन्ही पुढच्या टायरांचा बाहेरचा खांदा गेला असेल तर टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळलेली) जास्त, आतला गेला असेल तर टो-आउट (बाहेर वळलेली). तळहात टायरवर आडवा फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तरी घोटाळा 'टो'चाच. ठरावीक अंतराने खळगे पडलेत, जणू कोणी चमच्याने काढलंय, तर शॉकअप, बॅलन्सिंग किंवा हबचं बेअरिंग बघा.

फक्त एकाच बाजूचा टायर झिजतोय? मग अलाइनमेंटचं नाव काढू नका. त्या बाजूचं किंगपिन, बेअरिंग, पाटा आणि एक्सल यांच्याकडे आधी वळा.

चाकं जमिनीवर असताना

ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक जण हीच गाळतात. सपाट जागा हवी. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी गुटके लावा, गिअर न्यूट्रल. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. गाडीत थोडा माल असला तर उत्तम, कारण जॉइंटवर रोजचा भार असतानाच तो खरं बोलतो.

आधी आत बसून स्टिअरिंगच्या रिमला रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि चाक हलायच्या आत रिम किती मोकळी फिरते ते पट्टीने मोजा. मर्यादा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलात असते. माझा ढोबळ हिशोब असा: दोन बोटांपेक्षा जास्त मोकळं फिरलं की शोधाला लागायचं.

मग एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्याने वरून खाली एकेक जोड बघत जायचा. कॉलमच्या खालचा क्रॉस, स्टिअरिंग बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंकची दोन टोकं, टाय रॉडची दोन टोकं. स्वतंत्र सस्पेन्शनच्या जुन्या पद्धतीच्या गाडीत आयडलर आर्मही. प्रत्येक जोडावर बोट असं ठेवायचं की अर्धं एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर येईल. एक भाग हलला आणि दुसरा क्षणभर मागे राहिला की बोटाला कळतं. त्या जागी खडूने खूण करा आणि पुढे चला. पहिला प्ले सापडला म्हणून थांबू नका, बहुधा आणखी एखादा असतो.

बॉक्सवर नजर ठेवताना तो चेसिसवर जिथे बोल्ट केलाय तिथेही बघा. आख्खा बॉक्सच हलत असेल तर बोल्ट ढिले आहेत किंवा तिथला पत्रा तडकलाय. बॉक्सच्या वरच्या बाजूला अॅडजस्टिंग स्क्रू असतो. बाकी काही न बघता तो आवळून "झालं काम" म्हणणारे खूप भेटतील. जास्त आवळला की स्टिअरिंग सरळ स्थितीत जड होतं, वळणानंतर आपणहून परत येत नाही. गायमुखच्या घाटात अशी गाडी चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. जोड सगळे नीट असतील, तरच शेवटी बॉक्सला हात लावायचा, तोही जाणकाराने.

चाक उचलून

जॅक लावला की त्याच्या जोडीला स्टँड हवाच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. पाट्याच्या गाडीत जॅक एक्सलखाली, पाट्याजवळ लावा. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये ज्या आर्मवर स्प्रिंगचा भार येतो त्या आर्मखाली. चेसिसखाली जॅक लावून आर्म लोंबकळत ठेवला, तर स्प्रिंग बॉल जॉइंटला ताणून धरते आणि गेलेला जॉइंटही घट्ट वाटतो.

चाक वर आणि खाली धरा, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी, आणि हलवा. खटखट वाटली तर दोष बेअरिंगमध्ये आहे की किंगपिनमध्ये? मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गायब झाला तर हबचं बेअरिंग ढिलं. ब्रेक दाबूनही तसाच राहिला तर किंगपिनचे बुश किंवा बॉल जॉइंट. मग ३ आणि ९ ला धरून हलवा. इथे टाय रॉड एंड बोलतो. त्यानंतर चाकाखाली टॉमी (लांब लोखंडी पहार) घालून हलकेच वर उचला. वर-खाली सरकलं तर किंगपिनचं थ्रस्ट बेअरिंग (गाडीचं वजन पेलणारं) किंवा शिम (पातळ चकती), नाहीतर बॉल जॉइंट.

चाक हाताने फिरवून बघा. बेअरिंग खराब असेल तर खरखर ऐकू येते आणि स्प्रिंगवर हात ठेवला की हातालाही लागते. हबचा नट घट्ट पिळून टाकणं हा त्यावरचा इलाज नव्हे. टेपर बेअरिंग बसवताना हब फिरवत नट आवळतात, मग मोकळा करतात, मग मॅन्युअलप्रमाणे पुन्हा बसवतात. जास्त आवळलेलं बेअरिंग तापून जळतं. काम झाल्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवून दोन्ही हबजवळ हात न्या, लगेच टेकवू नका. एक बाजू फार तापली असेल तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ब्रेक चिकटतोय.

किंगपिन आणि ग्रीस

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडचे निम्मे किंगपिन निव्वळ ग्रीसअभावी मरतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शिळफाटा, मुंब्रा बायपास, तळोजा एमआयडीसीचे आतले रस्ते, सगळीकडे खड्ड्यात पाणी. चाक एक्सलपर्यंत बुडतं आणि पाण्याबरोबर बारीक कच आत जाते. उरणकडे कंटेनरच्या मागे-पुढे फिरणाऱ्या गाड्यांना त्यात खारी हवा. मॅन्युअलातलं ग्रीसिंगचं अंतर चांगल्या रस्त्यासाठी धरा. पावसाळ्यात मी महिन्यातून दोनदा करतो.

करताना चार गोष्टी. वॉशिंग आधी, ग्रीसिंग नंतर, उलट केलं तर प्रेशरचं पाणी नवं ग्रीस धुऊन काढतं. गन लावण्याआधी निपलचं डोकं फडक्याने पुसा, नाहीतर तिथली माती तुम्हीच आत ढकलता. किंगपिनला ग्रीस मारताना पुढची चाकं उचललेली हवीत, कारण भाराखाली दाबलेल्या बाजूला ग्रीस पोचत नाही आणि थ्रस्ट बेअरिंग कोरडं राहतं. आणि मारताना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा.

जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप करा आणि त्याचा रंग बघा. काळं आलं तर ठीक. लालसर, गंजाच्या रंगाचं आलं तर आत पाणी गेलंय. ग्रीस आतच गेलं नाही, निपलच्या बाजूने गळून पडलं, तर निपल तुंबलंय. खोलून डिझेलमध्ये धुवा किंवा नवीन लावा, किरकोळ पैशांचं काम आहे. मी लिथियमचं ईपी-२ वापरतो. डब्यातलं उघडं, धूळ बसलेलं ग्रीस फुकट मिळालं तरी नको.

किंगपिन बदलायची वेळ आली तर नुसती पिन बदलून भागत नाही. बुश नवे बसतात आणि ते रीमरने कापून पिनच्या मापाला आणावे लागतात, वरचा आणि खालचा बुश एका रेषेत. वेगवेगळे घासले तर पिन तिरकी बसते, स्टिअरिंग जड होतं आणि बुश पुन्हा लवकर खातात. पिन एक्सलच्या डोळ्यात पाचरीच्या बोल्टने अडकवलेली असते, ती पाचरही नवी घ्या. डोळाच घासून मोठा झाला असेल, तर नवी पिन त्यातही हलणार. रीमिंग कुठे करणार, एवढा एकच प्रश्न मिस्त्रींना विचारा. उत्तरात चाचपडले तर दुसरं गॅरेज बघा.

पाटे, यू बोल्ट, शॅकल

पाट्यांच्या कडेने बॅटरीचा प्रकाश टाका. पाने एकमेकांवर सरळ बसलीत का? मेन पाट्याला डोळ्याजवळ तडा आहे का? तड्याच्या कडेला गंजाची बारीक रेघ दिसते. पानं एकत्र धरणारा मधला सेंटर बोल्ट तुटला की एक्सल एका बाजूने मागे किंवा पुढे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. शंका आली तर पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेपने दोन्ही बाजूंनी मोजा, स्टिअरिंग सरळ ठेवून. माप वेगळं आलं की समजायचं.

सपाट जागी, रिकाम्या गाडीत, एक्सलपासून चेसिसपर्यंतची उंचीही दोन्ही बाजूंनी मोजून ठेवा. एक बाजू बसली असेल तर पाटा थकलाय. पाट्याची पानं वाढवून घ्यायचा मोह होतो. मागे एखादं वाढवलं तर निदान माल जास्त भरायला म्हणून वाढवलं, असं तरी लोक म्हणतात. पुढचा पाटा कडक केला तर गाडीच्या पुढच्या भागाची उंची आणि किंगपिनचा कोन बदलतो आणि स्टिअरिंगची चाल बिघडते. जास्त माल भरण्याची हौस कायद्यानेही महागात पडते: २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे.

शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला टांगणाऱ्या कडीचे) बुश टॉमीने हलवून बघा. रबर फाटून पिन धातूला घासत असेल तर खड्ड्यात 'ठण्' असा आवाज येतो आणि ड्रायव्हर सांगतो, "शेठ, शॉकअप गेलाय." माझ्या गाडीचे दोन शॉकअप या एका वाक्यावर बदलले गेले. आवाज जसाच्या तसा राहिला.

बदलताना

टाय रॉड एंड काढण्याआधी उघडे दिसणारे आटे मोजून लिहून ठेवा, नवा तितक्याच आट्यांवर बसवा. गाडी निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नीट जाईल. टेपर सुटत नसेल तर बोल्टच्या तोंडावर घण घालू नका, आटे मरतात. नट थोडा ढिला करून आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूला हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने मारा, झटका बसला की सुटतो.

कॅसल नट टॉर्कला आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही, तर नट आणखी थोडा आवळून पुढची खाच जुळवायची. मागे सैल करून कधीच जुळवायचं नाही. स्प्लिट पिन दरवेळी नवी. जुनी सरळ करून वापरणाऱ्या गॅरेजमध्ये मी दुसऱ्यांदा जात नाही.

रबर बुशचे बोल्ट, मग ते शॅकलचे असोत की आर्मचे, चाकं जमिनीवर टेकल्यावर शेवटचे आवळा. लोंबकळत्या स्थितीत आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि काही महिन्यांत फाटतं. पाटा एक्सलला बांधणारे यू बोल्ट एकदा काढले की नवेच घाला.

अचानक चाकं नाचायला लागली तर

पाट्याच्या गाडीत कधी कधी ५०-६० च्या वेगात फ्लायओव्हरच्या जोडावर आदळल्यावर पुढची दोन्ही चाकं जोरजोरात डावी-उजवी नाचतात आणि स्टिअरिंग हातातून सुटू पाहतं. वाशी पुलाकडे जाताना एकदा अनुभवलंय, दुसऱ्यांदा नको. अशा वेळी ब्रेक करकचून दाबू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, अॅक्सिलरेटर सोडा, वेग हळूहळू उतरू द्या. नाच थांबल्यावर कडेला घ्या. कारण बहुधा एकच नसतं: ढिला टाय रॉड, घासलेले किंगपिन, सैल बेअरिंग, बॅलन्स गेलेलं चाक, किंवा पाट्याखालची पाचर उलटी बसल्याने चुकलेला कॅस्टर (किंगपिनचा मागे-पुढे कल). स्टिअरिंग डॅम्पर (झटके शोषणारा शॉकअप) नवा घातला तर नाच दबतो, मूळ कारण तसंच राहतं.

आता अलाइनमेंट

सगळे प्ले गेले, हवा बरोबर आहे, मग दुकानात जा. बीम एक्सलच्या गाडीत तिथे फक्त टो जुळवतात. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) एक्सलमध्येच असतो. तो चुकीचा येत असेल तर किंगपिन तरी घासलाय किंवा एक्सल वाकलाय.

टो घरीही तपासता येतो. चाक उचलून फिरवत टायरच्या मधोमध खडूने गोल रेघ मारा. चाकं खाली टेकवा, गाडी दोन-तीन मीटर पुढे ढकला म्हणजे टायर मोकळे बसतील. हबच्या उंचीवर पुढच्या बाजूने दोन रेघांमधलं अंतर मोजा, मग मागच्या बाजूने. मागचं माप जितके मिलिमीटर जास्त, तितका टो-इन. आकडा मॅन्युअलशी ताडून बघा. बऱ्याच पिकअपमध्ये तो शून्य ते ३ मिलिमीटरच्या आसपास असतो. टाय रॉडचे लॉक नट विसरू नका.

पासिंगला, म्हणजे फिटनेसच्या तपासणीला जायचं असेल, मग ते ठाण्याला असो, वाशीला असो की पनवेलला, तर हे काम पंधरा दिवस आधी उरका. नव्या व्यावसायिक गाडीला दोन वर्षांचं फिटनेस मिळतं, पुढे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. पंधरा दिवस अशासाठी की नवे यू बोल्ट ताणले जाऊन किंचित सैल होतात. दोन-चारशे किलोमीटर माल घेऊन चालवल्यावर ते पुन्हा टॉर्कला आवळायचे असतात. मी आवळून झाल्यावर नट आणि बोल्टवर मिळून पांढऱ्या रंगाची एकच आडवी रेघ मारतो. पुढच्या वेळी वाकून बघितलं आणि रेघ तुटलेली दिसली, की पाना आणायला जातो.